झोळीतले पेरू

पेरू घरात लपवता येत नाही. आंबा एक वेळ अढीत गवताखाली गप्प पडून राहील, सीताफळ डोळे उघडेल पण बोलणार नाही. पिकलेला पेरू मात्र उंबऱ्याच्या आत आला की शेजारच्या घरालाही पत्ता लागतो. काल संध्याकाळी आमची चिमी राहात्याहून येताना पिशवीभर पेरू घेऊन आली. मी देवळात गेले होते. तिनं तिच्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं, पिशवी ओट्याखाली ठेवली आणि निघूनही गेली. चिठ्ठी नाही, फोन नाही. मी दार लोटलं आणि केडगावातल्या या दोन खोल्यांत मला एकदम आमचा मळा भेटला. चपला काढायच्या आधीच मी हसायला लागले.

चिमी म्हणजे माझी थोरली. केस पिकले, घरात सून आली, तरी नाव चिमीच. दर हिवाळ्यात ती अशी पेरू आणून टाकते आणि बोलत नाही. बोलायचं ते मी. मग मी फोन करते, जेली करू का गं म्हणून विचारते, आणि ती विचारते की मी तिला स्वयंपाकघरात येऊ देणार आहे का. त्यावर आम्ही दोघी हसतो. ज्या गोष्टीला हसतो ती तिला आठवणं शक्यच नाही, तेव्हा ती धड दोन वर्षांचीही नव्हती. पण इतक्यांदा ऐकलीय की आता ती माझ्याच चुका काढते, तसं नव्हतं आई, असं होतं म्हणून.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा तो हिवाळा. पुढच्या वर्षी पाटाला पाणी नाही, झाडांना पान नाही अशी गत झाली, म्हणूनही असेल, तो हंगाम माझ्या मनात वेगळा काढून ठेवल्यासारखा आहे. झाडं नुसती लगडली होती. सकाळी धुक्यात मळ्यात गेलं की पेरू दिसायच्या आधी वास यायचा. पोपटांचे थवे उतरायचे, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, हातात रिकामा डबा घेऊन तो बडवत बांधाबांधानं फिरायचे. पोपट उडून पलीकडच्या ओळीत बसायचे. दिवसभर त्यांचा आणि मामंजींचा हाच उद्योग. चांगला माल पाट्यांत पाला घालून बाजारात जायचा. चोच लागलेला, पडलेला, फुटलेला पेरू म्हशीपुढे. म्हशीच्या दुधालासुद्धा पेरूचा वास येतो असं मी एकदा म्हटलं, तर सगळं घर मला हसलं. मी नगरची, शहरात वाढलेली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माझ्या नाकावर त्या घरात कुणाचा भरवसा नव्हता.

त्या घरात एकच माणूस पेरू खात नसे, आणि ज्यांनी ती बाग मामंजींच्या खांद्याला खांदा लावून उभी केली होती त्याच खात नसत. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या, हात कधी रिकामा नाही. पाट्या भरायला बसल्या की हाताच्या अंदाजानं पेरू निवडायच्या, पण त्यातला एक कधी दाताखाली गेला नाही. त्यांनी पेरू सोडला होता.

सोडला होता तो शालूसाठी. शालू माझी नणंद, माझ्याहून थोडी लहान, पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावात दिलेली. आदल्या वर्षी संक्रांतीला ती माहेरी आली, तेव्हा तिला दिवस गेलेले होते. बागेत बसून मीठ लावून लावून तिनं पेरू खाल्ले, आत्याबाईंनीच निवडून निवडून दिले. सासरी परत गेली आणि थोड्याच दिवसांत पोट पडलं. डॉक्टर म्हणाले, ज्याला पुढं जायचं नसतं ते असंच थांबतं, खाण्यापिण्याशी काही संबंध नाही. पण शालूच्या सासूबाई त्या दुःखात बोलून गेल्या की माहेरी पेरू खाल्ले, ते थंड पडले. बोलणं एकदाचं होतं, पण ते आत्याबाईंच्या काळजात रुतून बसलं. त्या उलटून काही बोलल्या नाहीत. देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, शालूची कूस उजवेपर्यंत तोंडात पेरू घालणार न्हाई. मामंजींनी समजावून पाहिलं, यांनीही पाहिलं. आत्याबाईंनी पाटी उचलली आणि बागेत गेल्या.

आणि आता शालूला पुन्हा दिवस गेले होते. संक्रांतीला जावईबापू एकटेच तिळगूळ द्यायला आले. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं. चहाची बशी हातात धरून ते बराच वेळ बाजाराच्या गोष्टी करत राहिले, मग खाली बघत म्हणाले की तिच्या पोटात काही ठरत नाही, ताटावरून उठते, आणि डोहाळा एकच लागलाय. कसला ते त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. घरात सगळीकडे त्याचाच वास भरून होता. सासरी पेरूचं नाव काढायची चोरी. आणि काढून दिला असता तरी तिनं खाल्ला नसता, कारण तिच्याही मनात भीती बसली होती. हवा तर तोच आणि भीतीही त्याचीच. सातव्या महिन्यात, चैत्रात, ती डोहाळजेवणाला आणि बाळंतपणाला माहेरी येणार होती. चैत्रात पेरू कुठला?

जावईबापू गेल्यावर आत्याबाई चुलीपुढे नुसत्या बसून राहिल्या. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि मी सुचलं तसं बोलून गेले.

"आत्याबाई, कच्चा पेरू नको म्हणतात ना शालूच्या सासूबाई? मग शिजवून ठेवू की. जेली करू. चैत्रापर्यंत सहज टिकते."

जेली म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही फार माहीत होतं असं नाही. शाळेत गृहशास्त्राच्या तासाला आमच्या बाईंनी एकदा करून दाखवली होती, त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. पण तीन गोष्टी डोक्यात पक्क्या होत्या: पेरू शिजवून फडक्यात टांगायचे, पाणी आपोआप गळू द्यायचं, आणि काही झालं तरी पिळायचं नाही. पिळलं की जेली गढूळ. बाई हे इतक्या जरबेनं सांगायच्या, जसं काही पिळणाऱ्या मुलीचं लग्नच होणार नव्हतं.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साल न्हाई, बी न्हाई?" मी म्हटलं, नाही, नुसता रस. "मंग तो पेरू न्हाईच," त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना वाट सापडली होती.

कामाला लागलो तर एकेक वस्तू शोधण्यात दोन दिवस गेले. साखर कारखान्याची, सभासदांना मिळालेली, पोत्यात होतीच. काचेच्या बाटल्या शेजारपाजारहून गोळा केल्या, कुणाची औषधाची रुंद तोंडाची, कुणाची मधाची. एकीलाही धड झाकण नाही. म्हणून वरून मेण ओतायचं ठरलं. हे नगरला गेले तेव्हा मेणबत्त्या आणायला सांगितल्या. नाताळ होऊन गेला होता आणि दुकानात उरलेल्या गुलाबी मेणबत्त्याच मिळाल्या. गाळायला मामंजींचं जुनं धोतर, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आता ते टांगायचं कुठं? स्वयंपाकघराच्या तुळईला एकच भक्कम कडी होती, आणि तिला चिमीची झोळी बांधलेली होती.

झोळी सोडली आणि तिच्या जागी पेरूचं गाठोडं आलं. खाली पातेलं. गाठोड्यातून थेंब गळायला लागला, आधी भरभर, मग सावकाश. मी चिमीला कडेवरून खाली ठेवलं. ती पुढे आली, आपल्या झोळीच्या जागी टांगलेल्या त्या जड, गोल, ऊबदार गाठोड्याकडे मान वर करून पाहत राहिली. मला वाटलं आता रडणार, आपली जागा गेली म्हणून. तिनं एक बोट ओठावर ठेवलं, माझ्याकडे बघून शू केलं, आणि दोन्ही हातांनी गाठोड्याला हळूच झोका दिला.

"बाळ," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या होत्या हलवायचंसुद्धा नाही. मी तिला उचलायला धावणार तेवढ्यात माझं लक्ष आत्याबाईंकडे गेलं. त्या विळीवर पुढचे पेरू चिरत होत्या. त्यांचा हात थांबला होता. त्या गाठोड्याकडे आणि झोका देणाऱ्या त्या इवल्या हातांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आज सांगता येईल, तेव्हा आलं नसतं. आशा होती. मी चिमीला उचललं नाही. थोड्या वेळानं तिचं लक्ष खालच्या पातेल्याकडे गेलं, त्यात टपटप पडणारं पाणी दिसलं, आणि तिनं तक्रारीच्या सुरात आजीला सांगितलं की बाळानं शू केली. आत्याबाई इतक्या हसल्या की विळी आडवी करून बाजूला ठेवावी लागली.

बाळाला झोके बसूनही पहिला घाणा झकास उतरला. वाटीला वाटी साखर, वर लिंबाचा रस, आणि मग चुलीवर रटरट. पातेल्यातला फिकट पिवळा रस बघता बघता आधी केशरी, मग डाळिंबी होतो, हे मी आजवर किती वेळा पाहिलं असेल, तरी त्या क्षणी मी अजून हातातलं काम टाकून उभी राहते. जेली झाली की नाही ते बघायला थेंब थंड ताटलीत टाकायचा आणि बोटानं सरकवायचा. सुरकुती पडली की झाली. ते काम माझं. चव बघायचं काम आत्याबाईंचं असायला हवं होतं, घरातलं कुठलंही गोडधोड त्यांनी चाखल्याशिवाय चुलीवरून उतरत नसे. पण त्यांनी पेरू सोडलेला. मग त्या चमचा फुंकून फुंकून गार करायच्या, चिमीच्या ओठाला लावायच्या आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायच्या. चिमीनं जीभ बाहेर काढून ओठ पुसले की विचारायच्या, "ग्वाड हाय?" चिमी मान हलवायची. आणि आत्याबाई मला सांगायच्या, झालं गं, जमलंय. पुऱ्या गावाच्या लग्नांत पंगती वाढणाऱ्या बाईनं सगळी भिस्त दोन वर्षांच्या पोरीच्या जिभेवर टाकली होती.

बाटल्या भरल्या, वर गुलाबी मेण ओतलं, आणि फडताळाच्या खालच्या फळीवर ओळीनं ठेवल्या. खिडकीतून ऊन आलं की आतली जेली पेटल्यासारखी लाल दिसायची. मी मुद्दाम कामं काढून त्या बाजूला जायची. सांगायला लाज वाटते, पण मला त्या घरात पहिल्यांदाच वाटलं की मलाही काहीतरी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर प्रत्येक बाटलीच्या मेणात मधोमध एक खळगा. मेण ऊन असताना चिमीनं एकेक बाटलीत बोट खुपसून पाहिलं होतं. एकही सोडली नव्हती, पोरगी कामाला चोख. मी मेणबत्त्या पुन्हा वितळवायला घेतल्या, तर आत्याबाईंनी माझा हात धरला. त्या वाकून वाकून एकेक ठसा बघत होत्या.

"राहू दे, सुमन. लक्ष्मीनं बोट लावलंय. शालूच्या बाटल्यावर लेकराचं बोट उमटलं, त्ये पुसू नगं."

दारात रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढणारं घर ते. त्या मेणात त्यांना तेच दिसलं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठसे पुसवेनात. त्या इवल्या बोटांनी मेणाला तळापर्यंत भोक पाडलंय की नुसताच खळगा आहे, हे बघायचं आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

दुसऱ्या घाण्याची कथा वेगळी. पहिल्या खेपेला फडक्यात उरलेला चोथा मी म्हशीपुढे टाकला, तेव्हापासून आत्याबाई अस्वस्थ होत्या. इतका ऐवज, त्यात अजून ओल, आणि म्हैस खाते. मी दुसरं गाठोडं टांगून पाटावर धुणं धुवायला गेले. परत आले तर कडी रिकामी. गाठोडं तिरक्या लाकडी पाटावर, त्यावर परात, परातीवर जात्याची वरची तळी, आणि खालून पातेल्यात धार लागलेली. पाडव्याच्या श्रीखंडाला चक्का करायची ती आमच्या घरची रीत. बाजूला आत्याबाई समाधानानं बसलेल्या आणि जात्याच्या तळीवर, वजनाला वजन म्हणून, चिमीला बसवलेलं. ती टाळ्या वाजवत होती.

मी धुण्याची बादली खाली ठेवली आणि रडायलाच लागले. बाईंची जरब, मागचा बाक, सगळं आठवलं. आत्याबाई घाबरल्या. त्यांना वाटलं चिमीला काही लागलं की काय. मी हुंदके देत सांगितलं की आता गढूळ होणार सगळं. त्या पातेल्यात डोकावल्या. रस खरंच ताकासारखा दिसत होता.

"मी म्हनलं, तुला हातभार लागंल," त्या हळूच म्हणाल्या. एवढ्या आवाजाची बाई, पण ते वाक्य जेमतेम ऐकू आलं.

त्याचीही जेली केली, टाकून कोण देणार? आटली, जमली, पण पलीकडचं काही दिसेना. मातकट गुलाबी, दाट. बाटल्या संपल्या होत्या, मेणही संपलं होतं. आत्याबाईंनी लोणच्याची एक चिनी मातीची बरणी उकळून वाळवली, त्यात ती ओतली, आणि लोणच्यावर तेल ठेवतात तसं वरून कढवलेलं तूप ओतलं. झाकण लावलं, झाकणावर स्वच्छ फडक्याचा दादरा करकचून बांधला आणि बरणी माळ्यावर, पापडांच्या डब्यांच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशी ठेवून दिली. तिचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी माझ्या लाल बाटल्यांत खूश होते.

हे लिहिताना ओट्याखालची पिशवी सारखी जाणीव करून देतेय. गॅस आहे, स्टीलची पातेली आहेत, झाकणाच्या बाटल्या आहेत, घाई कसलीच नाही. तेव्हा घाईच घाई असायची. चूल, मळा, पाट्या, धुणं आणि पायात पायात चिमी. एका हातानं उकळतं पातेलं आणि दुसऱ्या हातानं पोरगी धरायची. ती तेव्हा काय काय करत नव्हती? पेरूच्या बिया नाकात घालून पाहिल्या, साखरेच्या पोत्यात बसली, चिरलेल्या फोडी एकेक करून मोरीतून बाहेर सोडल्या, जहाजं म्हणून नव्हे, नुसत्याच. मी करवादायची, आणि रात्री ती झोपली की तिच्या केसांना येणारा पेरूचा वास घेत पडायची. असा आनंद पुन्हा कधी झाला नाही असं मी म्हणणार नाही, पुष्कळ झाला. पण तेव्हाचा तो दर हिवाळ्यात हाक मारतो.

चैत्र आला, उन्हं तापली. शालू आली. पोट दिसत होतं, बाकी सगळी हाडं. माझ्या गळ्यात पडली आणि कानात विचारलं, "वहिनी, हाय ना?" मी म्हटलं, आहे, ओळीनं ठेवलीय. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मी फडताळ उघडलं. भिंतीच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली होती. ती खालच्या फळीवर चढत होती, पहिल्या बाटलीवर जात होती, गुलाबी मेणातल्या बोटाच्या खळग्यातून आत उतरत होती आणि पुढच्या बाटलीवर निघत होती. लक्ष्मीच्या बोटानं मुंग्यांसाठी दारच करून दिलं होतं. ज्या बाटल्यांत मुंग्या नव्हत्या त्यांत राखाडी बुरशीची लव आली होती. एकही वाचली नव्हती, पोरगी कामाला चोख.

मी आत्याबाईंना हाक मारली. दोघी त्या फळीसमोर जमिनीवर बसलो. बाहेर ओसरीवर शालू चिमीशी खेळत होती, तिचं हसणं आत येत होतं. आत्याबाई उठल्या, शिडी लावली आणि माळ्यावर चढल्या.

बरणी खाली आली. दादऱ्याला धूळ होती, आत ना मुंगी, ना बुरशी. तुपाचा थर बाजूला केला आणि वास आला. बाटलीतल्या लालचुटुक जेलीला इतका वास कधीच नव्हता. पिळून, दाबून, चिमीला वर बसवून काढलेला सगळाच्या सगळा पेरू त्या बरणीत होता. मी बोट लावून चाखलं आणि आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी बोट पुढे केलं नाही. नुसतं विचारलं, "बरी हाय?" मी मान हलवली.

डोहाळजेवणाला शालूच्या सासूबाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या. आत्याबाई त्यांच्यापुढे सकाळपासून नको इतक्या लगबगीनं वावरत होत्या. ओटी झाली, गजरे झाले, आणि ताटल्यांनी झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पण त्या दिवशी पाटावर वाट्या तीन होत्या. तिसरी आत्याबाईंनी ठेवली होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शालूचा हात पहिल्या दोन वाट्यांवरून फिरला आणि थांबला. पेरू लपवता येत नाही. तिनं मान वर केली, आधी आईकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. तिचे डोळे भरून आले होते आणि हात तिसऱ्या वाटीवर होता, पण ताटली काही उचलेना.

वास सासूबाईंनाही आला होता. त्या सावकाश पुढे झुकल्या, स्वतःच ताटली उचलली आणि आत पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "शिजवल्याला हाय, इहिनबाई. साल न्हाई, बी न्हाई." आवाज पुन्हा तसाच, जेमतेम. सासूबाईंनी चमचाभर जेली तळहातावर घेतली, चाखली, आणि सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"साखर लई झालीया," त्या म्हणाल्या. मग वाटी शालूच्या हातात दिली. "खा. मागं मी बोलले, त्ये बोलायला नगं हुतं."

शालूनं खाल्लं. वाटी संपली, मग पोळीबरोबर आणखी मागून घेतलं. पेढा आणि बर्फी तशीच झाकून राहिली, मुलगा की मुलगी ते कुणी पाहिलंच नाही. त्या दिवसापासून तिचं जेवण सुरू झालं. रोज सकाळी पोळी, त्यावर बरणीवरचं तूप, त्यावर जेली. तिच्या गालांवर मांस आलं. आत्याबाई रोज वाढायच्या आणि स्वतः चव घ्यायच्या नाहीत. कूस उजवायची अजून बाकी होती.

ज्येष्ठात शालूला दवाखान्यात नेलं. आत्याबाई बरोबर गेल्या, मी चिमीला घेऊन घरी. रात्रभर डोळा लागला नाही. उजाडता उजाडता बैलगाडीचा आवाज आला. आत्याबाई एकट्याच उतरल्या, पदरानं तोंड पुसत. मी दारात तशीच उभी. त्या म्हणाल्या मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि जमिनीवर बसल्या, स्वयंपाकघराच्या दारातच. आणि मग त्या रडल्या, मोठ्यानं, इतक्या दिवसांचं. मीही त्यांच्याजवळ बसून रडले.

आमचं रडणं चालू असताना आत काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. चिमी उठली होती. खाली ठेवलेली बरणी तिनं आडवी केली होती आणि कोपरापर्यंत हात आत घालून ती तळ निपटत होती. आम्हाला बघून तिनं हात बाहेर काढला. बोटाला खरवडून आलेली शेवटची जेली. आजी रडते आहे हे पाहून ती जवळ आली आणि ते बोट, ज्यानं एकेक बाटली नासली होती तेच, आजीच्या ओठाला लावलं. आजी जशी तिच्या ओठाला चमचा लावायची तसंच. आणि आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

"ग्वाड हाय?" चिमीनं विचारलं.

आत्याबाईंनी तोंड उघडलं. ते बोट त्यांनी बराच वेळ सोडलं नाही. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी.

"इहिनबाई खरं बोलल्या," शेवटी त्या म्हणाल्या. "साखर लई झालीया. आनि हाय का गं?"

चिमीनं पुन्हा बरणीत हात घातला.